मनाच्या चढउतारांसाठी स्वतःची गाण्यांची वही कशी तयार करावी

मन उदास असताना कुणीतरी आपुलकीने म्हणते, ‘एखादे आनंदी गाणे लाव, बरे वाटेल’, आणि ते गाणे सुरू होताच उलट चिडचिड वाढते, हा अनुभव बहुतेकांनी घेतलेला असतो. त्या क्षणी मन जिथे असते तिथून ते गाणे फार दूर असते, म्हणून असे होते. संगीताच्या ॲपवर ‘आनंदी’, ‘निवांत’, ‘उदास’ अशा नावांच्या तयार याद्या हव्या तितक्या मिळतात, परंतु त्या करणाऱ्याला आपल्या आठवणी ठाऊक नसतात. एकाला ज्या गाण्यावर ठेका धरावासा वाटतो, त्याच गाण्याच्या पहिल्या सुरांनी दुसऱ्याच्या मनात एखादा जुना निरोप जागा होतो. त्यामुळे मनःस्थितीप्रमाणे गाणी निवडायची असतील, तर यादी स्वतःच्या ऐकण्यातूनच घडवावी लागते. त्यासाठी एक वही, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि दोन-तीन आठवड्यांचा धीर एवढे पुरते.

१. पहिला आठवडा फक्त नोंद करावी

या आठवड्यात ऐकण्याच्या सवयीत काहीही बदल करू नये. जे गाणे नेहमी ऐकतो तेच ऐकावे; मात्र गाणे लावण्यापूर्वी आणि ते संपल्यावर मनाची अवस्था दोन आकड्यांत लिहून ठेवावी. पहिला आकडा मन किती प्रसन्न किंवा खिन्न आहे याचा, दुसरा अंगात किती चेतना आहे याचा. दोन्हींसाठी १ ते १० ही मोजपट्टी सोयीची पडते.

दोन आकडे कशासाठी, असा प्रश्न पडेल. जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली भावनांची जी मांडणी केली, ती याच दोन अक्षांवर उभी आहे. संताप आणि उदासी या दोन्ही अवस्था नकोशाच, पण संतापात शरीर पेटून उठते आणि उदासीत ते गळून जाते. उल्हास आणि शांतपणा हे दोन्ही हवेसे, तरी त्यांतही हाच फरक असतो. ‘मनःस्थिती वाईट आहे’ एवढेच लिहिले, तर संतापाच्या वेळचे गाणे उदासीच्या वेळी लावले जाते आणि अर्थातच ते लागू पडत नाही. मला स्वतःला हा दुसरा आकडा लिहू लागल्यावरच कळले, की ज्याला मी अनेक वर्षे कंटाळा म्हणत होतो तो पुष्कळदा निव्वळ थकवा होता.

२. गाण्याची लय मोजावी

आठवड्याच्या शेवटी वहीत वीस-पंचवीस गाणी जमतात. त्यांपैकी प्रत्येक गाणे लावून पायाने ठेका धरावा, १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजावे आणि त्यांना ४ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. ढोबळमानाने ८० च्या आतली गाणी विलंबित, ८० ते १२० मधली मध्यलयीची आणि त्यापुढची द्रुत समजावीत. निरोगी प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके देते, हे लक्षात ठेवले तर हे आकडे शरीराला का जाणवतात याचा थोडा अंदाज येतो. काही गाण्यांत पाय दर ठोक्याला पडतो आणि काहींत एकाआड एक. कोणतीही रीत चालेल, फक्त सगळ्या गाण्यांना एकच रीत लावावी.

लयीशेजारी आणखी एक खूण करावी, ती म्हणजे गाण्यात शब्द आहेत की नुसते वाद्य. वाचन किंवा लेखन करताना आपल्याला समजणाऱ्या भाषेतले शब्द कानावर पडत राहिले, तर ते डोक्यातल्या शब्दांच्या आड येतात. अशा कामासाठी वाद्यसंगीत बरे. घर आवरताना किंवा चालताना मात्र शब्दांची अडचण होत नाही, उलट सोबत होते.

३. आठवणींची गाणी वेगळ्या पानावर लिहावीत

मोठ्या वयात माणसाला आयुष्यातल्या घटना आठवायला सांगितल्या, तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी इतर वर्षांच्या मानाने अधिक संख्येने वर येतात, असे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसून आले आहे. त्या वयात ऐकलेल्या गाण्यांचा मनावरचा पगडाही म्हणूनच विलक्षण असतो. या गाण्यांचा परिणाम त्यांच्या लयीवरून किंवा सुरांवरून ठरवता येत नाही, कारण तिथे काम करत असते ती आठवण. द्रुत लयीचे, थट्टेखोर शब्दांचे गाणेसुद्धा डोळ्यांत पाणी आणू शकते. अशा प्रत्येक गाण्यापुढे ती आठवण एका ओळीत लिहावी आणि हे पान रोजच्या वापरात घेऊ नये. विशेषतः जिवाभावाचे गाणे सकाळच्या गजराला लावण्याचा मोह टाळावा. झोपमोड आणि ते गाणे यांची एकदा गाठ पडली, की ती सुटायला फार वेळ लागतो.

४. मन आहे तिथूनच सुरुवात करावी

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी १९४० च्या दशकात रुग्णांसाठी संगीत वापरताना एक तत्त्व मांडले: आधी रुग्णाच्या त्या वेळच्या मनःस्थितीशी जुळणारे संगीत ऐकवावे आणि मग ते टप्प्याटप्प्याने हव्या त्या अवस्थेकडे न्यावे. संगीतोपचारात हे तत्त्व आजही वापरले जाते. रडणाऱ्या मुलाला आधी जवळ घेतले जाते आणि मग त्याचे लक्ष दुसरीकडे वळवले जाते, त्यातले शहाणपण आणि या तत्त्वातले शहाणपण एकच आहे.

प्रत्यक्षात सहा-सात गाण्यांची एक माळ गुंफावी. समजा, दिवसभराच्या वादावादीने डोके तापले आहे आणि तासाभरात शांत झोप लागायला हवी आहे. पहिली दोन गाणी जोरकस तालाची, १३० ठोक्यांच्या आसपासची घ्यावीत, कारण त्यांतून आतला ताण बाहेर पडायला वाव मिळतो. त्यानंतरच्या प्रत्येक गाण्यात लय १० ते १५ ठोक्यांनी उतरवत न्यावी आणि वाद्यांची गर्दीही कमी करावी. शेवटचे गाणे ७० च्या घरातले, शक्यतो एकाच आवाजाचे किंवा एकाच वाद्याचे असावे. उदासीतून बाहेर येण्यासाठी माळ वेगळी लागते. तिथे लय एकदम वाढवण्याची घाई करू नये. पहिली दोन गाणी संथ आणि उदास, पुढची दोन तितकीच संथ पण मायेच्या सुरांची, आणि मग कुठे मध्यलय, असा क्रम ठेवावा. म्हणजे आधी भाव बदलतो आणि चेतना मागून येते.

पहिली माळ क्वचितच जमते. कोणत्या गाण्यापाशी मन मागे राहिले, ते वहीतले आकडे दाखवतात; तिथे दोन गाण्यांमध्ये आणखी एक गाणे ओवावे.

५. उदास गाण्यांना घाबरू नये, पण लक्ष ठेवावे

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रसांपैकी करुण हा एक रस आहे आणि त्याचा स्थायीभाव शोक आहे. जीवनात शोक नकोसा असतो, तरी कलेत त्याचा रस होतो आणि तो माणसाला हवाहवासा वाटतो, हे त्या मांडणीत फार पूर्वीच ओळखलेले आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात ७७२ लोकांना उदास संगीत ऐकून काय वाटते असे विचारले, तेव्हा सर्वाधिक वेळा आलेली भावना दुःखाची नव्हती. गेलेल्या दिवसांच्या हुरहुरीची होती. त्यामुळे मन भरून आलेले असताना करुण गाणे ऐकण्यात काहीच गैर नाही.

धोका वेगळा आहे. तेच ते गाणे ऐकत तीच ती घटना मनात घोळवत बसले, की गाणे जखमेवरची खपली काढत राहते. अर्ध्या तासानंतर प्रसन्नतेचा आकडा सुरुवातीपेक्षा खाली गेला आणि सलग दोन-तीन दिवस असेच घडले, तर ते पान मिटावे, गाणी बंद करावीत आणि एखाद्या माणसाशी बोलावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज टिकून राहिली, झोप आणि भूक यांवर परिणाम झाला, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तिथे वहीचा उपयोग फक्त त्यांना दाखवण्यापुरता आहे.

६. दोन गाण्यांत शांतता ठेवावी

ॲपवर एका गाण्यामागून दुसरे आपोआप लागते, ती सोय बंद करावी. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात द्रुत लयीच्या संगीताने श्वास आणि हृदयाचे ठोके वाढल्याचे दिसले; पण संगीताच्या मध्येच ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत ते ऐकण्यापूर्वीच्या पातळीच्याही खाली गेले. माळेच्या मध्यावर अशी दोन मिनिटे रिकामी ठेवून पाहावीत.

७. गाण्याचा ताजेपणा जपावा

२०११ साली माँट्रियल येथील संशोधकांनी लोकांना त्यांच्या आवडीचे, अंगावर काटा आणणारे संगीत ऐकवून मेंदूची तपासणी केली, तेव्हा उत्कट जागा येते त्या क्षणी डोपामिन हे आनंदाशी निगडित मेंदूतले रसायन स्रवतेच, पण ती जागा येणार आहे या प्रतीक्षेतही मेंदूच्या दुसऱ्या भागात ते स्रवते, असे आढळले. समेची, म्हणजे तालाच्या आवर्तनातल्या पहिल्या मात्रेची, वाट पाहण्यातला आनंद ऐकणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होताच. म्हणून गाणे पुढे ढकलून थेट आवडत्या ओळीवर जाऊ नये. अंतरा पूर्ण ऐकावा आणि ध्रुवपदाला परत येऊ द्यावे. फार आवडलेले गाणे दिवसातून एकदाच ऐकण्याचे बंधन स्वतःला घालून घ्यावे, कारण पुनरावृत्तीने आवड काही काळ वाढते आणि एका मर्यादेनंतर ओसरू लागते.

आवाजाची मर्यादाही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी ८० डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की हा अवधी निम्मा होतो.

दर तीन महिन्यांनी वही पुन्हा चाळावी. एखादे गाणे आठवणींच्या पानावरून रोजच्या पानावर आलेले दिसेल, एखादे उलट वाटेने गेलेले असेल. जुनी नोंद खोडू नये. तिच्याखाली नवी तारीख आणि नवे आकडे लिहावेत.