1 जानेवारीला नवा माणूस व्हायचं नसेल तर

नव्या वर्षाच्या संकल्पांचं दडपण उतरवायचं काम 31 डिसेंबरच्या रात्रीवर ठेवू नका, दोन-चार दिवस आधीच उरका. वही, पेन आणि अर्धा तास पुरे. 'यंदा आपण हे करायलाच हवं' असं जे जे मनात घोळतंय ते एकाखाली एक लिहा: वजन, पहाटे उठणं, इंग्रजी, मोबाइल कमी करणं. निदान दहा मिनिटं लिहीत राहा. दडपण सहसा एका संकल्पाचं नसतं, दहा-बारा अर्धवट गोष्टींचं मिळून असतं, आणि कागदावर उतरल्याशिवाय त्यांची मोजदाद होत नाही.

आता प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी लिहा. ही कुठून आली (आईचं टुमणं, कुणाचं तरी स्टेटस, की खरंच स्वतःला हवी आहे)? आणि याआधी किती वर्षं हीच ओळ लिहिली होती? सलग तीन वर्षं येऊन एकदाही फेब्रुवारी न पाहिलेली ओळ खोडून टाका. डॉक्टरांनी सांगितलेलं मात्र खोडायचं नाही. रक्तदाब, मधुमेह यांचं पथ्य हा उपचार आहे, संकल्प नव्हे. त्याची जागा औषधांच्या वेळापत्रकात, आणि त्यासाठी नव्या वर्षाची वाट पाहणंही चूकच.

उरलेल्या ओळी कालनिर्णय समोर ठेवून तपासा. बरेच संकल्प इथेच उघडे पडतात. 'गोड पूर्ण बंद' म्हणाल, तर दोनच आठवड्यांत संक्रांत: तिळगूळ, गुळपोळी, मग रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची वाणं, मध्ये लग्नाच्या पंगती. पहाटे पाचला उठून फिरायचं, तर जानेवारीच्या सुरुवातीला पुण्या-मुंबईत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे दोन तास अंधार आणि थंडी, त्यात आदल्या रात्रीचं जागरण. असा संकल्प मोडला की माणूस स्वतःला आळशी म्हणतो. खरं तर मुहूर्तच चुकलेला असतो.

आणि मुहूर्तांची आपल्याकडे वानवा नाही. शालिवाहन शकाचं वर्ष गुढीपाडव्याला, व्यापाऱ्यांचं बलिप्रतिपदेला, हिशेबाचं 1 एप्रिलला, शाळेचं जूनमध्ये. जानेवारी हुकला म्हणून काही बुडत नाही.

एखादी ओळ ठेवायचीच असेल तर एकच, आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडून: जेवणाचं ताट उचललं की दहा मिनिटं चालणं, इतकी लहान. '21 दिवसांत सवय लागते' हे मनावर घेऊ नका. लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला 18 ते 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला, मधला आकडा 66. एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही, हेही त्यातच दिसलं. म्हणून भिंतीवर रोज फुल्या मारायचा तक्ता लावू नका. पहिला रिकामा चौकोन दिसला की अख्खा तक्ताच नकोसा होतो.

जिमचे पैसे महिन्याचेच भरा. वर्षाच्या सवलतीत वाचतात थोडे, पण मार्चपासून ती पावती बोचायला लागते.

व्हॉट्सअॅपवर घरचे, शाळेचे, सोसायटीचे ग्रुप 30 डिसेंबरला आठवडाभरासाठी म्यूट करा. ज्यांची स्टेटसं पाहून जीव खालीवर होतो तीही म्यूट होतात, समोरच्याला कळत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो संकल्पांचा प्रश्न नाही. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. मराठीत बोलता येतं.

राहता राहिले नातेवाईक. "यंदा काय ठरवलंस?" असं आत्याने विचारलं की "काही नाही" म्हणू नका, त्यावर उपदेश सुरू होतो. "मागच्या वर्षीचंच चालू आहे, आत्या" म्हणा आणि लगेच तिच्या गुडघ्यांची चौकशी करा.