जावाचा प्रोग्राम चालतो, पण उत्तर चुकतं? या चुका टाळा

कंपायलर एरर दाखवतो तेव्हा घाबरू नका. चूक आहे एवढं तरी तो सांगतो. नवशिक्यांचा खरा वेळ खातात त्या वेगळ्या चुका: प्रोग्राम विनातक्रार चालतो आणि उत्तर भलतंच येतं.

गुणपत्रिकेचा प्रोग्राम घ्या. ६०० पैकी ४५७ गुण, टक्के काढायचे. बहुतेकजण ४५७ / ६०० * १०० लिहितात आणि उत्तर येतं ०. दोन्ही संख्या इंट, म्हणजे पूर्णांक प्रकारच्या, म्हणून भागाकारही इंटच. दशांश भाग कापला जातो आणि उरलेल्या शून्याला शंभराने गुणून काय मिळणार? उत्तराचं व्हेरिएबल डबल (दशांश चालणारं) केलं तरी फरक पडत नाही, कारण तोवर भागाकार होऊन गेलेला असतो. ४५७ * १००.० / ६०० लिहा, ७६.१६ च्या पुढचं उत्तर मिळेल.

याच प्रोग्राममध्ये श्रेणी देताना पहिली अट ‘३५ किंवा जास्त’ लिहिली, तर ९२ टक्केवालाही नुसता ‘उत्तीर्ण’ होतो. एल्स-इफच्या साखळीत पहिली खरी ठरलेली अट जिंकते, पुढच्या तपासल्याच जात नाहीत. म्हणून ७५ पासून सुरू करून खाली या. आणि इफच्या कंसानंतर सेमीकोलन नको! तो दिला की अट तिथेच संपते आणि खालचा ब्लॉक दर वेळी चालतो. व्हाइलनंतर दिलात तर प्रोग्राम बहुधा तिथेच अडकतो.

लूपमध्ये सर्वांत जास्त गोंधळ आर्मस्ट्राँग संख्येचा. १५३ चे अंक सुटे करून घनांची बेरीज करायची, ती मूळ संख्येइतकीच आली तर संख्या आर्मस्ट्राँग: २७ + १२५ + १ = १५३. बेरीज बरोबर येते, तरी प्रोग्राम म्हणतो ‘आर्मस्ट्राँग नाही’. कारण दर फेरीत आपण मूळ संख्येलाच १० ने भागत आलो आणि लूप संपेपर्यंत ती ० झाली. शेवटी तुलना होते १५३ आणि ० ची. लूपआधी संख्येची एक प्रत दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. पॅलिंड्रोमलाही (उलट वाचली तरी तीच राहणारी संख्या) हेच लागू. अशा वेळी वहीत ड्राय रन करा: प्रत्येक फेरीची एक ओळ, प्रत्येक व्हेरिएबलचा एक रकाना. पाच मिनिटांत चूक दिसते. नुसतं स्क्रीनकडे बघून तासभरही दिसत नाही.

फॅक्टोरियल (१ पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार) १२ पर्यंत नीट येतं आणि १३ ला १९३२०५३५०४ छापलं जातं. खरं उत्तर ६२२७०२०८००, पण इंटची मर्यादा २१४७४८३६४७. लाँग हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार वापरलात तर २० पर्यंत निभावतं.

स्ट्रिंगची तुलना == ने करू नका. कोडमध्येच लिहिलेल्या दोन सारख्या स्ट्रिंगवर ते खरं ठरतं, कारण जावा अशी स्ट्रिंग एकदाच साठवतो, आणि त्यामुळेच आपण फसतो. स्कॅनरने कीबोर्डवरून वाचलेला शब्द मात्र वेगळं ऑब्जेक्ट असतो. == दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहेत का ते बघतं, अक्षरं नाही. इक्वल्स वापरा.

आता क्लास. कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) ‘नाव = नाव’ लिहिलं तर पॅरामीटर स्वतःलाच दिला जातो, ऑब्जेक्टचं फील्ड (त्यात साठवायची माहिती) नल, म्हणजे रिकामं, राहतं. डावीकडे ‘धिस.नाव’ हवं. कन्स्ट्रक्टरपुढे व्हॉइडही लिहू नका. ती साधी मेथड होते.

सर्वांत फसवी चूक मात्र स्टॅटिकची. मेनमधून (प्रोग्राम जिथून सुरू होतो ती मेथड) फील्ड वापरलं की कंपायलर नॉन-स्टॅटिकची तक्रार करतो. मग घाईत सगळीकडे स्टॅटिक लावलं जातं आणि एरर जाते. पण स्टॅटिक फील्ड पूर्ण क्लासला एकच असतं. त्यामुळे दोन विद्यार्थी तयार करून दोघांची नावं छापली, तर दोन्हीकडे नंतर तयार केलेल्याचंच नाव येतं. फील्डवरचं स्टॅटिक काढा, मेनमध्ये न्यू वापरून ऑब्जेक्ट बनवा आणि त्याच्यामार्फत फील्ड वापरा.