म्युनिकला मुलाकडे जाताय? साताऱ्यातनं निघायच्या आधी एवढं बघा

सगळ्यात आधी पासपोर्ट काढून बघा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो चालू पाहिजे आणि दोन पानं कोरी पाहिजेत. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, मधेच पॅरिस-व्हिएन्ना करून आलात तरी ते दिवस त्यातच धरतात. मुलाला तिथल्या परदेशी लोकांच्या सरकारी ऑफिसातनं तुमच्या खर्चाचं हमीपत्र काढायला आत्ताच सांगून ठेवा, त्याला वेळ लागतो. इन्शुरन्स कमीत कमी 30,000 युरोचा लागतो, पण बीपी-शुगर आधीपासून असेल तर ते पॉलिसीत धरलंय का हे एजंटला स्पष्ट विचारा, आपल्या वयाला खरा मुद्दा तोच आहे. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या न्यायच्या, मूळ स्ट्रिपमध्येच, आणि डॉक्टरांकडनं चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव (कंपनीनं ठेवलेलं नव्हे) लिहून घ्यायचं, कारण तिकडं बीपीची गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

आता खाऊ. नातवंडांसाठी कंदी पेढे न्यावेसे वाटणारच, मलाही वाटतं, पण नेऊ नका. दुधाचे पदार्थ आणि मटण-चिकनचं काहीही बाहेरनं युरोपात न्यायला बंदी आहे, त्यात खवा आला, घरचं तूपपण आलं, कस्टमवाले काढून घेतात. आंब्याची पेटीसुद्धा नको, ताज्या फळांना वेगळं सर्टिफिकेट लागतं. त्यापेक्षा मेतकूट, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची नि कारळ्याची चटणी, काळा मसाला न्या, डबल पॅकिंग करून आणि वर नाव लिहून, म्हणजे कोणी विचारलं तर सांगता येतं.

चालायची तयारी मात्र महिनाभर आधीपासून करा, माझ्या मते बॅगेपेक्षा हे महत्त्वाचं. न्यूश्वानस्टाईनचा किल्ला सगळे बघायला जातात, तिथला राजा दुसरा लुडविग यानं 1869 मध्ये बांधायला घेतलेला, आपला प्रतापगड ज्या बैठकीत युनेस्कोच्या यादीत गेला त्याच 2025 च्या बैठकीत हा किल्ला धरून लुडविगचे वाडेपण गेले. खालनं वर अर्धा-पाऊण तास चढ आहे, घोडागाडी मिळते पण ती दारापर्यंत जात नाही, शेवटचा चढ पायीच, आणि आत परत जिने. तिकिटावर वेळ छापलेली असते, ती चुकली की आत सोडत नाहीत. म्हणून रोज सकाळी अजिंक्यतारा चढा, निदान चार भिंतीपर्यंत तरी, आणि तेही तिकडं घालणार त्याच बुटांत, नवे बूट तिकडं जाऊन पहिल्यांदा घालू नका. साडी नेसणाऱ्यांनी दोन-तीन पंजाबी ड्रेस आणि एक वारा-पाऊस अडवणारं जॅकेट ठेवावं, उन्हाळ्यातसुद्धा.

मुलगा-सून ऑफिसला गेल्यावर दिवस तुमचा तुम्हाला काढायचाय, त्याची तयारी कोणी करत नाही. रविवारी दुकानं बंद असतात, दूध-भाजी शनिवारीच आणायची. रविवारी घरात ठोकाठोक चालत नाही, शेजारी येऊन सांगतात. नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या टाकू नका, बहुतेक बाटल्यांवर 25 सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये घातल्या की परत मिळतं, नातवाला घेऊन हे काम आजोबांनी करावं, पोरांना फार आवडतं.

इकडचं घर: गॅस, मेन स्विच, पाण्याचा कॉक बंद, किल्ली शेजारी. पासपोर्ट-व्हिसाच्या झेरॉक्स एक पर्समध्ये, एक बॅगेत, आणि मुलाचा पत्ता नि फोन नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दोघांच्या खिशात वेगवेगळा ठेवा, मोबाईलची बॅटरी कधीही संपते.