नवी कवळी: या चुका टाळा, कानस लाकडापुरतीच ठेवा

कवळी टोचली की काढून डबीत टाकायची आणि चार दिवसांनी ती डबी खिशात घालून दवाखान्यात यायचं. तोवर हिरडीवरची जखम भरलेली असते. मग नेमकं कुठे घासायचं, ते मी काय पंचांगात बघू? फार दुखलं तर काढा, हिरडीला आराम द्या. पण येण्याच्या आदल्या दिवसापासून कवळी तोंडात हवी. लाल डाग दिसला की काम मिनिटांचं.

याहून वाईट म्हणजे घरचा कारागीर. मालवणकडे होड्या दुरुस्त करणाऱ्या एका सुतारकाकांना खालची कवळी जिभेच्या बाजूने लागायची. एसटीचा खेटा नको म्हणून त्यांनी कानस काढली. "रंधो मारूक नाय, वायच कानस फिरवलंय!" एक बाजू घासली, कवळी डुगडुगायला लागली. म्हणून दुसरी घासली. कड आखूड झाल्यावर ती बोलतानाच उचलायला लागली. शेवटी पातळ झालेली कवळी मधोमध तडकली, तर एका थेंबात चिकटणारं आणून जोडली, तीही केसभर वाकडी. पुन्हा माप, पुन्हा खर्च. आणि ऐन गणपतीत घरभर चाकरमानी असताना काका गुरगुट्या भातावर.

खाण्याची घाई तर विचारूच नका. कवळी बसवली त्याच दिवशी वडे-सागोती! सुरुवातीला पेज, मऊ भात, दुधात भिजवलेली आंबोळी. घास लहान, आणि दोन्ही बाजूंनी चावा; एकाच बाजूने चावलंत तर दुसरी बाजू उचलते. पेरू, मक्याचं कणीस पुढच्या दातांनी तोडू नका. वरची पूर्ण कवळी टाळू झाकते, त्यामुळे काटा आणि चटका दोन्ही उशिरा कळतात. तारली खाणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा. पहिले काही दिवस लाळ जास्त सुटते, शब्द अडखळतात. रोज मोठ्याने पेपर वाचा, जीभ वळते.

कवळी उकळत्या पाण्यात टाकू नका, वाकते. टूथपेस्टने चरे पडतात, त्यात घाण बसते; मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. धुताना खाली पाण्याची बादली ठेवा, मोरीच्या फरशीवर पडली की तुकडे. रात्री काढून पाण्यात ठेवा, कोरडी नको. दिवसरात्र तोंडात ठेवणाऱ्यांच्या टाळूवर बुरशीचा लालपणा मला नेहमी दिसतो. आणि मशेरी? दात गेले तरी ती सुटत नाही, याला काय म्हणावं!

दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजतं, पहिल्या वर्षात सर्वांत जास्त. म्हणून बरी बसलेली कवळीही पुढे सैल होते. त्यावर कवळी चिकटवायच्या पावडरीचे थर वाढवणं हा माझ्या मते आळस आहे. दवाखान्यात येऊन कवळीला आतून नवा थर भरून घ्या. वर्षातून एकदा दाखवाच. दोन आठवड्यांत न भरलेली जखम मात्र वर्षाची वाट बघत ठेवू नका, तंबाखूवाल्यांनी तर नाहीच.

जुनी कवळी फेकू नका, पाण्यात जपा. नवी दुरुस्तीला आली की तेवढ्यापुरती तीच कामाला येते.