सम कशी ओळखावी

सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरातल्या मैफलीत सगळ्यांच्या माना एकाच क्षणी डोलतात, तो क्षण समेचा असतो. सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या फेरीची, पहिली मात्रा (ताल मोजण्याचा एक ठोका). हा संस्कृत शब्द संगीतशास्त्रात जुना असून शार्ङ्गदेवाच्या 13व्या शतकातील ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात ताल आणि गीत एकाच वेळी सुरू होण्यालाही ‘सम’ म्हटले आहे.

ओळखण्यासाठी 16 मात्रांच्या त्रितालापासून सुरुवात करावी आणि गायकाकडे नव्हे, तर डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतील घुमणाऱ्या मोठ्या वाद्याकडे, कान द्यावा. साध्या ठेक्यात (तालाच्या ठरलेल्या बोलांत) 10व्या मात्रेपासून त्याचा घुमारा थांबतो, 14व्या मात्रेला ‘धिं’ या बोलाबरोबर तो परततो, आणि तो ठोका पहिला धरून मोजल्यास चौथ्या ठोक्याला सम येते. बंदिशीच्या मुखड्यातील (पुन्हापुन्हा येणाऱ्या सुरुवातीच्या ओळीतील) ठसठशीत अक्षरही बहुधा तिथेच पडते. तबलजी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपणारा बोलांचा तुकडा, घेऊ लागला, की मोजणी सोडून तिच्या शेवटच्या ‘धा’ची वाट पाहणे अधिक सोयीचे.

रूपक तालात मात्र सावध राहावे, कारण त्याच्या 7 मात्रांत सम ‘खाली’वरच, म्हणजे टाळी न देता हात नुसता हलवून दाखवायच्या मात्रेवरच, असते आणि तिथे डग्गा घुमत नाही. पंढरपूरच्या वाटेवरील भजनांनी कान तयार झालेल्यांना 8 मात्रांचा भजनी ठेका सर्वांत सोपा जाईल.