पायथनचा कोड जावात नेताना उणे संख्या आधी तपासा
सिंटॅक्सच्या, म्हणजे भाषेच्या लेखन-नियमांच्या चुका कंपायलर (कोडचं यंत्रासाठी भाषांतर करणारा प्रोग्राम) दाखवतोच, त्यांची फार काळजी नको. खरा घोळ होतो तो गुपचूप बदलणाऱ्या हिशेबात. −७ ला ३ ने भागल्यावर उरणारी बाकी पायथन २ सांगतो, जावा −१. आणि चिन्ह दोन्हीकडे तेच, %! त्या बाकीवरून ॲरेचा इंडेक्स, म्हणजे यादीतल्या घराचा क्रमांक काढत असाल तर तो उणे चालत नसल्याने जावाचा प्रोग्राम तिथेच कोसळतो. अशा जागी पायथनसारखीच बाकी देणारं जावाचं 'मॅथ.फ्लोअरमॉड' (Math.floorMod) वापरा. शिवाय पायथनचा पूर्णांक हवा तेवढा वाढतो, जावाचा नेहमीचा पूर्णांक-प्रकार 'इंट' (int) मात्र २१४७४८३६४७ नंतर थेट उणे होतो, तेही एरर न देता. म्हणून मूळ कोडला शून्य, उणे आणि अवाढव्य आकडे देऊन आलेली उत्तरं फाईलमध्ये साठवा, मग नव्या कोडची उत्तरं त्यांच्याशी ताडून बघा. कोड देखणा करायचं काम नंतर.