स्वरलिपी वाचायची ती हाताने

पंचवटीतल्या आमच्या भजनी मंडळात मी २० वर्षं नुसत्या कानावर पेटी वाजवली. वही समोर आली की अडायचो. पन्नाशीनंतर स्वरलिपी, म्हणजे स्वर-ताल कागदावर लिहायची पद्धत, शिकलो, आणि आता नव्या पोरांना सांगतो: पेटी राहू द्या, आधी मांडीवर ताल धरा.

त्रितालापासून सुरुवात करा. मात्रा, म्हणजे तालाचे ठोके, १६; चार-चारचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी; नववीला खाली, म्हणजे हात नुसता उलटा. भातखंड्यांच्या स्वरलिपीत, म्हणजे भातखंडे पद्धतीत, समेला (पहिल्या मात्रेला) × अशी फुली, खालीला ०, उरलेल्या टाळ्यांना २ आणि ३. दोन दिवस फक्त मात्रा मोजत हात चालवा. कंटाळवाणं आहे, पण हे टाळलेला हमखास समेवर घसरतो.

मग भूप रागाच्या स्वरांची ही ओळ. गाऊ नका, हात चालू ठेवून बोला:

ग – रे सा | रे ग प – | ध प ग रे | सा रे सा –

ग समेवर, ध खालीवर. दुसऱ्या मात्रेवरची रेघ म्हणजे थांबणं नव्हे. 'ग' तसाच ओढायचा, 'ग-अ'. नवशिके इथेच श्वास सोडतात आणि 'रे' अर्धी मात्रा आधी येतो. दोन स्वरांखाली मिळून चंद्रकोर दिसली, तर ते दोन्ही एकाच मात्रेत बसवायचे.

तोंड आणि हात जुळले की पेटी उघडा. काळी तीनला, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीला, सा धरा. भूपाचे पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवरच येतात, त्यामुळे बोटं चाचपून सापडतात आणि नजर वहीवर राहते. काळी तीन, चार, पाच म्हणजे सा, रे, ग. पुढच्या काळी एक आणि दोन म्हणजे प आणि ध.

बाकी खुणा आठवड्यात पाठ होतात. स्वराखाली आडवी रेघ कोमल (उतरलेला), म वर उभी रेघ तीव्र (चढलेला). टिंब खाली असेल तर मंद्र (खालचं सप्तक), वर असेल तर तार (वरचं सप्तक).

या टिंबाने मला मात्र महिनाभर छळलं. मंडळाच्या जुन्या वहीतलं एक भजन मी वाचत होतो. टिंबं वर होती, म्हणून सगळं तार सप्तकात घेत होतो आणि गळा फाटत होता. शेवटी एका जाणत्या तबलजींनी वही हातात घेऊन सांगितलं, "अहो काका, ही पलुस्कर पद्धत आहे." गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचं उत्तरायुष्य नाशकात गेलं, आणि त्यांची स्वतःची वेगळी लिपी होती. तिच्यात वरचं टिंब मंद्राचं. तार सप्तकाला स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. म्हणजे नेमकं उलटं!

म्हणून जुनी वही हाती आली की स्वरांआधी तालाच्या खुणा बघा. समेला × असेल तर भातखंडे. समेला १ आणि खालीला + असेल तर पलुस्कर, मग वरचं टिंब दिसलं की आवाज खाली न्या.